पालखी नाकारणारे लाय पाटील

वाचकहो, एकदा सकाळी ओहोटीच्या वेळी बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या बंदरावर जाऊन उभे राहा. पाणी लांब गेलेले असते, चिखल उघडा पडलेला असतो आणि त्या चिखलात होड्या बसलेल्या असतात. काही लाकडाच्या, पुष्कळशा आता फायबरच्या. पाठीमागे नवी मुंबईच्या उंच इमारती आणि पुढे खाडी. तेवढ्यात एखादा माणूस खांद्यावर जाळे टाकून चिखल तुडवत आपल्या होडीकडे जाताना दिसतो. त्याला कुणी विचारले की बाबा, तुला दारात चारचाकी गाडी देतो, ही होडी सोडतोस का, तर तो काय उत्तर देईल?

हाच सवाल साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कोळ्यापुढे आला होता. फरक एवढाच की समोर गाडी नव्हती, पालखी होती, आणि देणारे साक्षात शिवाजी महाराज होते. त्या कोळ्याचे नाव लाय पाटील. कोणी लायजी म्हणतात, कोणी लाया पाटील म्हणतात. रायगड जिल्ह्याच्या कोळीवाड्यांत हे नाव आजही घेतले जाते. आपल्याकडे ठाणे-पनवेल खाडीच्या काठावर मात्र नव्या पिढीला ते फारसे ठाऊक नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगायची आहे.

राजपुरीच्या खाडीतले दुखणे

लाय पाटील सोनकोळी समाजाचे, दर्यावर पोट असलेल्या माणसांचे पाटील. चौलपासून राजपुरीपर्यंतचा किनारा हा त्यांचा मुलूख. या किनाऱ्यावर मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी एक बेट आहे आणि त्या बेटावर जंजिरा. आज तुम्ही शिडाच्या होडीत बसून तो किल्ला पाहायला जाता, कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढता आणि परत येता. पण त्या काळी हा किल्ला म्हणजे सगळ्या किनाऱ्याचे दुखणे होते. तिथला सिद्दी किनाऱ्यावर उतरायचा, गावे लुटायचा, माणसे पकडून न्यायचा आणि परत बेटावर जाऊन बसायचा. त्याच्यामागे जायचे तर मध्ये पाणी.

गंमत अशी की हे बेट मुळात कोळ्यांचेच. सिद्दी येण्याआधी तिथे लाकडी मेढेकोट होता आणि तो राम पाटील नावाच्या कोळी नाईकाच्या ताब्यात होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीच्या माणसांनी व्यापाऱ्याचे सोंग घेऊन, दारूची पिंपे भेट देऊन तो कपटाने घेतला अशी हकीकत आहे. पुढे तिथे दगडी तट चढला. तेव्हा लाय पाटलांच्या माणसांना जंजिरा म्हणजे नुसता शत्रूचा किल्ला नव्हता. आपल्या घरातून आपल्यालाच बाहेर काढल्याची ती खूण होती.

पनवेलच्या खाडीतही जहाजे बांधली

आता महाराजांच्या आरमाराकडे येऊ, कारण त्याची सुरुवात आपल्या दारातच झाली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांच्या हाती आली आणि खाडीचे पाणी स्वराज्याला लागले. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी आणि पनवेल या बंदरांत शिवाजीने लढाऊ जहाजे बांधल्याचा उल्लेख आहे. पनवेलहून निघालेले जहाज समुद्राकडे जाणार कुठून? बेलापूर-दिवाळ्याच्या पुढ्यातल्या पाण्यातूनच. आज जिथे वाशी-पनवेलची आगगाडी पुलावरून धडधडत जाते, त्याच खाडीतून ती गेली असणार.

सुरुवातीला या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. रुई लैतांव व्हियेगस हा त्यांचा मुख्य. पण वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फितवल्यावर ही मंडळी काम अर्धवट टाकून पळाली. काम काही थांबले नाही. सुतार इथलेच होते, लाकूड इथले होते आणि जहाजावर चढणारी माणसेही इथली होती. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत. ज्यांना लहानपणापासून खाडीतली रेव कुठे आणि खडक कुठे हे ठाऊक, अशी माणसे.

खाडीची होडी कशी असावी लागते

आता थोडे होडीबद्दल बोलू, कारण लाय पाटलांचा पराक्रम होडी समजल्याशिवाय समजत नाही. ज्यांच्या घरात होडी आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. पण आमचे बरेच वाचक शेतकरी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो.

खाडीत आणि तिच्या आतल्या नाळ्यांत शिरायची होडी लहान असते, पंधरा-वीस फुटांची. तिची पहिली अट म्हणजे ती कमी पाण्यात तरंगली पाहिजे. गुडघाभर पाण्यात जी चालते तीच तिवरांमधल्या अरुंद फाट्यात शिरते. दुसरी अट, ओहोटीला पाणी गेले की ती चिखलावर सरळ बसली पाहिजे. म्हणून तळ रुंद हवा. बूड फार निमुळते असले तर होडी एका अंगावर कलंडते आणि भरती आली की आत पाणी घेते.

लाकडी होडी असेल तर फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकायचा, वरून राळ भरायची आणि दर हंगामाला तेल पाजायचे. यात कसूर केली की लाकडाला किडा लागलाच म्हणून समजा. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आतून चाळण झालेली असते.

मग सामान. दोन वल्ही आणि एक जास्तीचे. उथळ पाण्यात ढकलायला लांब बांबू. चिखलात रुतणारा लहान नांगर आणि त्याला भरपूर दोर. दोर आखूड असला तर नांगर नुसता घसटत जातो. पाणी उपसायला डबा. जाळे आणि जड वस्तू खाली, मधोमध. वजन वर गेले किंवा एका बाजूला गेले की लहान होडी लगेच माप दाखवते. पाग फेकणारा माणूस पुढे उभा राहतो तेव्हा मागचा माणूस वल्ह्याने होडी धरून ठेवतो. दोघांनी एकमेकांकडे न बघता हे जमले पाहिजे. बोई, जिताडा, कोलंबी, चिंबोरी जे काही मिळते ते या जमण्यावर मिळते.

आणि सगळ्यांत मोठे सामान म्हणजे डोक्यातले पंचांग. कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. जागेप्रमाणे वेळ थोडी मागे-पुढे होते, पण हिशेब सुटत नाही. भरती पुरी झाली की सव्वासहा तासांत पाणी तळाला जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ठाणे खाडीत पाणी चार मीटरच्या वर चढते-उतरते. म्हणजे एका मजल्याहून जास्त! अष्टमीच्या भांगाला ते बरेच कमी असते. हा हिशेब ज्याला येत नाही त्याने खाडीत उतरूच नये.

शिड्यांची रात्र

हे सगळे ध्यानात ठेवा आणि आता १६७६ सालात या.

जंजिऱ्यावर महाराजांनी एकदा नाही, अनेकदा मोहिमा काढल्या. किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी हाती आली होती, तीही १६७१ मध्ये सिद्दीने रात्री छापा घालून परत घेतली. मग महाराजांनी जंजिऱ्यासमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारायला घेतला. त्या कामाला रसद आणि पैसा वेळेवर पोचवला नाही म्हणून महाराजांनी जानेवारी १६७५ मध्ये जिवाजी विनायक या आपल्याच सुभेदाराला अतिशय कडक पत्र लिहिले. दर्यातल्या कामात वेळ चुकली की सगळेच चुकते, हे महाराजांना पक्के ठाऊक होते.

१६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे पेशवे मोठी फौज घेऊन जंजिऱ्यावर आले. तोफा झाल्या, पाण्यावर तरंगते मोर्चे बांधून झाले, पण तट काही हलेना. तेव्हा पंतांनी लाय पाटलांना बोलावून घेतले आणि काम सांगितले. रात्री गुपचूप जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायच्या. शिड्या लागल्या की पंतांचे धारकरी मागून येतील, वर चढतील आणि किल्ला घेतील.

आता तुम्हीच विचार करा. हे काम सांगणे सोपे आहे. जंजिऱ्याचा तट खडकावर उभा आहे आणि भरतीला पाणी थेट त्या खडकाला येऊन भिडते. तट चाळीस फुटांच्या आसपास उंच. एवढ्या तटाला पुरणारी शिडी लहान होडीत आडवी घातली तरी दोन्ही टोकांनी बाहेर येते. ती उभी करायला गेले की वजन वर जाते आणि होडी डुलायला लागते. शिडीचा पाय होडीत ठेवून चालत नाही, तो खडकावरच टेकवावा लागतो. लाट होडीला खडकावर आपटत असते. एक फळी फुटली की संपले. आणि हे सगळे अंधारात, आवाज न करता, डोक्यावर सिद्दीचे पहारे जागे असताना. वल्ह्याचा एक खडखडाट झाला की वरून गोळी.

मोठ्या गुराबेचे हे काम नव्हे. मोठे जहाज त्या खडकांत जाऊच शकत नाही. हे काम लहान होडीचे आणि तिच्यात जन्म गेलेल्या माणसाचे. लाय पाटील आपले निवडक साथीदार घेऊन गेले. पाग फेकताना होडी जशी धरून ठेवतात, तशीच त्या रात्री ती धरली असेल. त्यांनी पहाऱ्याला सुगावा लागू दिला नाही आणि तटाला शिड्या लावल्या.

मग ते वाट बघत बसले.

एक प्रहर गेला, दुसरा गेला. धारकरी आले नाहीत. ठरलेली फौज किनाऱ्यावरून वेळेवर निघालीच नाही. आणि पाणी तर कुणासाठी थांबत नाही. तिथी कोणतीही धरा, रात्रभर थांबायचे म्हणजे पाणी एकदा फिरणारच. अमावस्येच्या आसपासची अंधारी रात्र असेल तर भरती मध्यरात्रीची आणि उजाडताना पूर्ण ओहोटी. होडी खडकात अडकली तर पळायलाही जागा नाही. तरी ही माणसे तटाखाली शत्रूच्या पायाशी पहाटेपर्यंत थांबली. उजाडायला लागले तेव्हा मात्र इलाज नव्हता. त्यांनी शिड्या काढल्या, होडीत घातल्या आणि जशी गेली तशीच परत आली.

परत येताना शिड्या काढून आणल्या, हे विसरू नका. त्या तिथेच टाकून पळाले असते तर सिद्दी सावध झाला असता. घाबरलेला माणूस सामान टाकून पळतो. यांनी सामान आवरले.

मोहीम फसली. सिद्दी कासम आपले आरमार घेऊन आला, त्याने तरंगते मोर्चे जाळले आणि वर्षअखेर पंतांना वेढा उठवावा लागला.

पालखी आणि गलबत

महाराजांच्या कानावर ही हकीकत गेली. उशीर झाला तो आपल्या बाजूने झाला, लाय पाटलांनी आपले काम चोख केले होते, हे पंतांनी लपवले नाही असे जुन्या हकिकतीत सांगतात. हाही मोठेपणाच म्हणायचा. नाहीतर फसलेल्या कामाचे खापर खालच्या माणसावर फोडण्याची रीत काही आजची नाही.

महाराजांनी लाय पाटलांना पालखीचा मान दिला. आता पालखी म्हणजे काय ते लक्षात घ्या. त्या काळी पालखीत बसायचा मान सरदारांना, मोठ्या कारभाऱ्यांना. ती वाहणाऱ्या भोयांचा खर्चही सरकारातून मिळायचा. मासे मारणाऱ्या माणसाला पालखी मिळणे ही केवढी गोष्ट! दुसरा असता तर आठ दिवस गावभर मिरवला असता.

लाय पाटलांनी हात जोडले आणि नम्रपणे नको म्हटले. आपण दर्यात फिरणारी माणसे, पाण्यावर पालखी चालणार कशी, तिचा आपल्याला उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे. यात अहंकार नव्हता आणि रुसवाही नव्हता. ज्याचा रोजचा रस्ता पाण्यातून जातो त्याने दिलेला हा साधा, खरा जबाब होता.

महाराजांची थोरवी इथे दिसते. त्यांनी राग धरला नाही. नाकारतोस म्हणजे अपमान करतोस असे मानले नाही. त्या नकारातले मागणे त्यांनी ओळखले. एक गलबत बांधवून घेतले, त्या गलबताचे नावच पालखी ठेवले आणि ते लाय पाटलांना दिले. सोबत वस्त्रे, छत्री, निशाण आणि दर्याकिनाऱ्याची सरपाटिलकी. मान तोच राहिला, फक्त तो पाण्यावर चालेल असा करून दिला.

जंजिरा काही पडला नाही. महाराजांच्या हयातीत नाही, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये निकराने प्रयत्न केले तेव्हाही नाही. ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पण लहान होडीचा धडा वाया गेला नाही. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला काढला तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे आणून वेढा घातला. मायनाक भंडारी बेटावर ठाण मांडून होते. मराठ्यांच्या लहान, हलक्या होड्या रात्री उथळ पाण्यातून सामान घेऊन बेटावर जायच्या आणि इंग्रजांची अवजड जहाजे वाऱ्याची वाट बघत राहायची. शेवटी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आपल्या खाडीत काय चालले आहे

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट छान आहे, पण ती आज कशाला? कारण पालखी आणि गलबत हा सवाल आपल्या काठावर अजून संपलेला नाही.

१९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहायला लागले. जमिनीसाठी लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. जमीनवाल्याला हे मिळाले, पुष्कळांचे भांडण अजून चालूच आहे, तो वेगळा विषय. पण ज्याचे शेत पाण्यात होते त्याचे काय? जमिनीला सातबारा असतो. पाण्याला सातबारा नाही. वाशी, सारसोळे, करावे, दिवाळे, घणसोली इथल्या कोळ्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्या फाट्यात होडी घातली, तो फाटा भराव टाकून बुजला तर त्याची नोंद कोणत्या कागदावर होणार? खाडीत गाळ साचतो, सांडपाणी येते, पुलांचे खांब उभे राहतात. होडी नांगरायची जागा आक्रसते. भरपाई दिलीच तर भूखंड, चेक, एखादी नोकरी. तिला कमी लेखू नका, घर चालते तिच्यावर. पण पुष्कळ वेळा ती पालखीच असते. मानाची असते आणि पाण्यावर चालत नाही.

अलीकडे एक गोष्ट बरी झाली. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात वाशीगावच्या मच्छीमारांची सहकारी संस्था उच्च न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पारंपरिक मासेमारीच्या नुकसानीची भरपाई मिळाली पाहिजे असे सांगितले. जमीन नसली तरी पाण्यावरच्या पोटाला हक्क आहे, हे मान्य झाले. पण लक्षात घ्या, असा हक्क मागायला संस्था लागते, सभासदांची यादी लागते, होडीची नोंदणी आणि परवाना लागतो. ज्याची होडी कागदावर नाही, तो उद्या हिशेबातही नाही. तेव्हा काथ्याचा दोर आणि नांगर जसा तपासता तसे हे कागदही दर हंगामाआधी तपासून ठेवा. होडीच्या सामानातच ते धरा.

आणि उद्या कोणी काही द्यायला आले, सरकार असो, कंपनी असो की निवडणुकीतला उमेदवार असो, तर घाईने हार गळ्यात घालून घेऊ नका. आधी बघा, ते पाण्यावर चालते का. होडी लावायला धक्का आहे का, फाट्यातला गाळ निघणार आहे का, खाडीत मासा राहणार आहे का. नसेल तर लाय पाटलांसारखे हात जोडा आणि काय हवे ते नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. देणारा महाराजांच्या मनाचा असेल तर त्याला ते कळेल. नसेल तर निदान आपल्याला काय हवे होते, हे आपल्या पोरांना तरी कळेल.